कुलूप घरचे, किल्ली बाहेरची

कळ दाबली की पडदा उजळतो, कंपनीचे बोधचिन्ह दिसते, ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागते आणि एकाएकी निळा पडदा येऊन सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लॅपटॉप साफ बंद पडला असता तर एक वेळ मनाची समजूत घालता आली असती. पण हा बंदही पडत नाही आणि चालूही होत नाही. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहिणारा विद्यार्थी असो किंवा विवरणपत्राच्या अखेरच्या दिवशी दहा दुकानांचे हिशेब घेऊन बसलेला हिशेबनीस असो, यंत्राची किंमत त्याला त्या क्षणी फारशी आठवत नाही. आत अडकलेल्या मजकुराची आठवते. हे संकट आजवर ज्याचे त्याने निस्तरायचे, अशीच सर्वांची धारणा होती. १९ जुलै २०२४ रोजी मात्र ते एकाच दिवशी साऱ्या जगावर कोसळले आणि या बिघाडात मनुष्य नेमका कोठे हतबल होतो, हे त्या दिवसाने लख्ख दाखवून दिले.

त्या शुक्रवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांकडे एक लहानशी फाइल धाडली. नव्या हल्ल्यांची ओळख पटवून देणारी अशी फाइल ही कंपनी नित्य पाठवीत असे. या वेळी फाइलमधील नियम एकविसाव्या रकान्यात डोकावू लागला आणि संगणकावरील प्रणालीकडे रकाने होते वीसच. जेथे काहीच नाही तेथे वाचावयास गेलेली ही प्रणाली साधी असती तर तेवढी एकटी बंद पडली असती. परंतु संरक्षणाचे काम करावयाचे म्हणून तिला विंडोजच्या गाभ्यात स्थान दिलेले होते, आणि गाभ्यात चूक झाली की सारे यंत्रच थांबते. शिवाय पहारेकऱ्याने सर्वांच्या आधी जागे व्हावे, या न्यायाने ती आरंभीच सुरू होई. त्यामुळे यंत्र पुन्हा चालू केले की पहारेकरी जागा होई आणि घर पुन्हा कोसळे.

कंपनीने ७८ मिनिटांत चूक मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक या फेऱ्यात सापडले होते. जगातील एकूण विंडोज संगणकांच्या मानाने हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. पण ते विमानतळांवर, रुग्णालयांत आणि बँकांत बसविलेले होते. आपल्याकडे इंडिगोच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. अमेरिकेत डेल्टा या एकाच कंपनीला पुढील काही दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणे रद्द करावी लागली. भारतीय बँकांना फारशी झळ लागली नाही, हे खरे.

या प्रकरणातील खरा विचार करण्याजोगा भाग मात्र बिघाडात नसून इलाजात आहे. इलाज अगदी किरकोळ होता. यंत्र सेफ मोडमध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढ्याच गोष्टी घेऊन, सुरू करावयाचे. एका ठराविक फोल्डरमधील एक फाइल पुसावयाची. यंत्र पुन्हा चालू करावयाचे. माहीतगाराला पाच-दहा मिनिटे पुरेत. पण जे यंत्र जाळ्याशी जोडले जाण्यापूर्वीच कोसळते, त्याला मुख्यालयातून आज्ञा कशी द्यावयाची? दर यंत्रामागे एक माणूस प्रत्यक्ष जाऊन उभा राहणे भाग होते. तो माणूस पोहोचला की यंत्र त्याच्याकडे अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागे, कारण बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद केलेली होती. काही ठिकाणी तर या किल्ल्यांची यादी ज्या संगणकात ठेवलेली, तोच अडकून पडला होता! तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवण्याचा हा प्रकार पाहून पूर्वीच्या पेढीवरील मुनीमजींनीही कपाळाला हात लावला असता.

घरगुती लॅपटॉप या तडाख्यातून बहुतांशी सुटले, कारण ही प्रणाली मुख्यतः मोठ्या संस्थाच वापरतात. तथापि घरातील लॅपटॉपची दुखणी याच जातीची असतात आणि त्यांची चिकित्साही शांतपणे करता येते. लॅपटॉपचा आरंभ ही एक साखळी आहे. प्रथम मदरबोर्डवरील मूळ प्रणाली जागी होते, स्मृती आणि कळफलक तपासते, डिस्क शोधते. डिस्कवरील छोटा कार्यक्रम विंडोजचा गाभा उचलून आणतो. गाभा एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला हाक मारतो. मग परवलीचा शब्द विचारला जातो आणि शेवटी वापरणाऱ्याने वेळोवेळी भरून ठेवलेले कार्यक्रम सुरू होतात. कळ नेमकी कोठे येते हे वैद्य आधी विचारतो, त्याप्रमाणे ही साखळी कोणत्या कडीपाशी तुटते हे पाहिले पाहिजे. पडदा काळाच राहून नुसती शिट्टी वाजत असेल तर संशय स्मृतीवर जातो. परवलीचा शब्द दिल्यानंतर यंत्र कोसळत असेल तर शेवटी सुरू होणारे कार्यक्रम आधी तपासावेत. सेफ मोडमध्ये यंत्र तासभर सुरळीत चालले तर यंत्राची अंगे बहुधा निर्दोष आहेत आणि दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा कार्यक्रमाचा आहे. उलट, मूळ प्रणालीच्या मांडणीचा पडदा नुसता उघडा ठेवला तरी यंत्र विझत असेल, तर विंडोज अद्याप रंगमंचावर आलेलेही नाही. दोष उष्णतेचा, विजेचा किंवा मदरबोर्डचा असणार. अशा वेळी विंडोज नव्याने घालून घेणे म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला चष्मा देण्यासारखे आहे. आणि तरीही ते सर्रास केले जाते, त्याचे पैसेही घेतले जातात.

बिघाडाच्या आदल्या दिवशी काय बदलले, हा प्रश्न तर फुकटचा आहे. नवी सुधारणा उतरवून घेतली, मुद्रकाचा ड्रायव्हर घातला, स्मृतीची नवी पट्टी बसविली, यांपैकी काही झाले असेल तर ते आधी उलटवून पाहावे. जोडलेली बाह्य उपकरणे काढून ठेवावीत. मात्र डिस्कच आजारी असल्याचा संशय आला तर दुरुस्तीचे सारे प्रयोग थांबवून प्रथम आतील मजकूर बाहेर काढावा, कारण मरणोन्मुख डिस्कला प्रत्येक नवा प्रयत्न जड जातो. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून हे काम पुष्कळदा साधते.

पुष्कळदा म्हणावयाचे, कारण येथेही आता तीच किल्ली आडवी येते. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टचे खाते वापरून नवा लॅपटॉप प्रथम चालू केला की सामान्यतः डिस्क आपोआप कुलूपबंद होते. चोरीच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु विकत घेणाऱ्याला हे कोणी स्पष्ट सांगत नाही. किल्ली त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन पडते, आणि ते खाते बहुधा दुकानातील पोऱ्याने घाईघाईत उघडून दिलेले असते. त्याचा परवलीचा शब्द कोणाच्याच लक्षात नसतो. मग एके सकाळी निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकड्यांची मागणी होते, आणि दहा वर्षांची कौटुंबिक छायाचित्रे हाताशी असूनही कायमची हरवतात. दुरुस्ती करणारा तेथे काही करू शकत नाही. त्याच्यापुढे एकच वाट उरते, ती म्हणजे सर्व पुसून टाकण्याची.

याच काळात इतर वाटाही हळूहळू बंद झाल्या. पूर्वी एफ-८ ही कळ दाबली की सेफ मोडचे दार उघडे. आरंभ वेगवान व्हावा म्हणून विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ते दार आड गेले. आता आरंभ लागोपाठ फसला तरच दुरुस्तीचा पडदा पुढे येतो, आणि हे गुपित ठाऊक असलेले लोक थोडे. बिघाड सांगणाऱ्या निळ्या पडद्यावर त्याच सुमारास एक रडका चेहरा आला. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये तो काढला आणि पडदा काळा केला. त्यावर आता दोषी ड्रायव्हरचे नाव अधिक ठळक दिसते, ही सुधारणा रंगापेक्षा महत्त्वाची आहे. यंत्राच्या अंगांची कथाही निराळी नाही. स्मृतीची पट्टी काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने घासणे हा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यापासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत चालत आलेला इलाज. त्याने कितीतरी लॅपटॉप उठून बसले आहेत. अलीकडच्या अनेक सडपातळ लॅपटॉपांत स्मृती मदरबोर्डलाच झाळलेली असते. तेथे घासावयाचे काय? शंभर रुपयांच्या कामाच्या जागी मदरबोर्ड बदलण्याचा खर्च येतो, आणि तो ऐकून गिऱ्हाईक नव्या लॅपटॉपच्या दुकानाकडे वळते. कारखानदाराला ते नको आहे, असे मानण्याइतके भोळे कोणी राहिलेले नाही.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह पाच प्रकारच्या वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे विक्रेत्यांना बंधनकारक केले. सुटे भाग मिळतात का, यंत्र उघडता येते का, माहितीपुस्तिका उपलब्ध आहे का, हे सारे त्या गुणांत मोजले जाते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक संकेतस्थळही उघडले. पुढे दुरुस्ती निर्देशांकासाठी निराळी समिती नेमण्यात आली. तिने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात पहिल्या टप्प्यासाठी विचार झाला तो मोबाइल आणि टॅब्लेट यांचा. लॅपटॉप मागे राहिला. शाळा, महाविद्यालये, वकील, लेखापाल आणि लहान दुकानदार ज्या यंत्रावर आज सर्वस्व टाकून बसले आहेत, त्याचा क्रम नंतर का यावा, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

एका गोष्टीसाठी मात्र कोणत्याही समितीची वाट पाहण्याचे कारण नाही. लॅपटॉप विकताना विक्रेता पावती देतो, हमीपत्र देतो, पिशवीही देतो. त्याबरोबर ते अठ्ठेचाळीस आकडे कागदावर छापून गिऱ्हाइकाच्या हाती ठेवणे आणि तो कागद घरातील दस्तऐवजांच्या पेटीत ठेवा, असे मराठीत सांगणे, याला पाच मिनिटेही लागणार नाहीत.