जेवण हेच औषध

मुलगी ताटावरून अर्धपोटी उठू लागली की घरचे आधी ‘नखरे’ म्हणतात. वजन मात्र घटतच राहते; हा खाण्याशी निगडित मानसिक आजार असू शकतो. जळगाव जिल्ह्यातल्या पहूरच्या कुटुंबाला मग जळगाव शहरातले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठणे सोयीचे.

दाखल केले की नळीने अन्न कोंबतात, ही भीती बहुतेकदा फोल. जेवण ठरल्या वेळी, परिचारिकेसमोर. त्यानंतरही काही वेळ लक्ष, कारण उलटी करायची ओढ असू शकते. आहार हळूहळूच वाढवतात. फार दिवस उपाशी देहाला एकदम भरपेट दिले, तर रक्तातले फॉस्फेट घसरून हृदय धोक्यात येते. आईचे ‘खा गं पोटभर’ इथे चालत नाही! जोडीला समुपदेशन, घरच्यांचेही.

अल्पवयीन रुग्णासोबत पालकाने किंवा नेमलेल्या सोबत्याने राहावे, असे २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. पहिला सल्ला घरबसल्या हवा असेल, तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.