पऱ्हाटीतला ट्रिटियम

पऱ्हाटीच्या हिरव्या फांदीवर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून ती उन्हात राहू दिली, की काही तासांत पिशवीत पाण्याचे थेंब जमतात. वर्धा जिल्ह्यात कोणत्याही शाळेजवळच्या शेतात मुलांकडून हा प्रयोग करून घेता येईल. झाडातला किरणोत्सारी हायड्रोजन, म्हणजे ट्रिटियम, मोजायचा असेल तर शास्त्रज्ञही असेच थेंब गोळा करतात.

ट्रिटियमचा अर्धायुष्यकाल १२.३ वर्षे. विश्वकिरणांमुळे तो वातावरणाच्या वरच्या थरांत सतत थोडाथोडा तयार होतो आणि पाण्याच्या रूपाने पावसातून खाली येतो. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी त्यात मोठी भर घातली. उत्तर गोलार्धातल्या पावसात १९६३ साली त्याचे प्रमाण शिगेला पोचले होते. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतही तो तयार होतो. तारापूरचे ३ आणि ४ क्रमांकाचे संच या जातीचे आहेत. वर्ध्याला अणुभट्टी नाही, पण पाऊस आहेच.

झाडाची मुळे हे पाणी साध्या पाण्याबरोबरच शोषतात. दुसरी वाट पानांची. पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडत असताना आत काय येणार, असे विद्यार्थी हमखास विचारतात. बाहेर जाणारे रेणू जास्त असतात एवढेच. हवेतल्या बाष्पाचे रेणू त्याच वेळी आतही येत असतात. त्यामुळे हवेत ट्रिटियम आला की दिवसा काही तासांत तो पानांतल्या पाण्यात उतरतो आणि हवा निवळली की तसाच निघूनही जातो.

पण पान याच पाण्यातला हायड्रोजन घेऊन शर्करा बनवते, आणि तिथे गोष्ट बदलते. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्याच्या साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोज-घटकात हायड्रोजनचे १० अणू असतात. ऑक्सिजनला जोडलेले ३ अणू ओलाव्याशी सहज अदलाबदल करतात. कार्बनला जोडलेले ७ मात्र जागा सोडत नाहीत. सरकीच्या तेलात तर बहुतेक सगळेच कार्बनला जोडलेले! १९६३ च्या पावसावर वाढलेला कापूस कुणाच्या जुन्या गादीत असेल, तर त्या ७ जागांवर तेव्हा बसलेल्या ट्रिटियमचा साधारण बत्तिसावा हिस्सा पाच अर्धायुष्यकालांनंतर उरलेला असणार.

ट्रिटियमचे बीटा किरण इतके दुबळे, की त्वचेच्या वरच्या मृत थरातच ते अडतात. प्रश्न पोटात गेल्यावरचा. पाण्यातून आलेला ट्रिटियम शरीरात सुमारे १० दिवसांनी निम्मा होतो. अन्नात बांधलेला जास्त रेंगाळतो. बेकरेलमागे त्याची मात्रा म्हणून दुपटीहून अधिक धरतात.

त्यामुळे अन्नधान्य तपासताना पिशवीतले थेंब पुरत नाहीत. दाण्यातले पाणी आधी पूर्ण काढून टाकतात, कोरडा भाग ऑक्सिजनमध्ये जाळतात आणि जळताना तयार झालेल्या पाण्यातला ट्रिटियम मोजतात. पीक कोणत्या अवस्थेत होते, हेही विचारावे लागते. रोपे लहान असताना हवेत आलेला ट्रिटियम दाण्यात फारसा पोचत नाही. दाणा भरण्याच्या दिवसांत आलेला थेट त्यात साठतो.