लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर : शेतातील काम केव्हा, आहार कसा?



मी कृषिविद्या शिकवतो. वैद्यक हा माझा विषय नव्हे. तरीही हा लेख लिहिण्यास एक कारण घडले. तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंवर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. वजन ११८ किलो, जोडीला मधुमेह आणि दुखरे गुडघे. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर एक वाक्य होते, "सहा आठवडे जड काम करू नये." अण्णांच्या लेखी जड काम म्हणजे नांगरट आणि पोत्यांची चढउतार. चौथ्या आठवड्यात द्राक्षबागेवर रोग दिसला, तेव्हा त्यांनी औषधाचा पंप भरून पाठीवर घेतला. दोन दिवसांनी बेंबीच्या वरच्या टाक्याजवळ लिंबाएवढा फुगवटा दिसू लागला. तो हर्निया निघाला आणि त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

कागदावरील सूचना बरोबरच होती. पण "जड म्हणजे किती" हे त्यात नव्हते आणि आम्हीही विचारले नाही. ही शस्त्रक्रिया आता ग्रामीण भागातील लोकही करून घेऊ लागले आहेत. म्हणून शेतकऱ्याला उपयोगी पडेल अशी माहिती येथे देत आहे. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. आपल्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असल्यास त्यांचेच ऐकावे.

शस्त्रक्रियेत काय होते?

प्रामुख्याने दोन प्रकार आढळतात. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे पाऊण भाग काढून केळ्यासारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. 'बायपास' प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे लहान अंड्याएवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न उरलेले जठर व आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते.

दोन्ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होतात. पोटावर चार-सहा लहान छिद्रे दिसतात, ती आठ-दहा दिवसांत भरल्यासारखी वाटतात आणि इथेच फसगत होते. आंब्याच्या कलमाची पट्टी बाहेरून नीटनेटकी दिसली तरी आतला सांधा जुळायला वेळ लागतो; तोवर त्या फांदीला कोणी हिसका देत नाही. पोटाच्या आत जठराला लांब शिवण असते आणि पोटाच्या भिंतीला छिद्रे पाडलेली असतात. ती मजबूत होण्यास आठवडे लागतात.

कामाचे वेळापत्रक

१) पहिला आठवडा : शस्त्रक्रियेच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला चालवतात. घरी आल्यावरही दिवसातून पाच-सहा वेळा, पाच-दहा मिनिटे चालावे. पडून राहिल्यास पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. "आराम करा" म्हणजे खाटेवर झोपून राहा, असा अर्थ घेऊ नये.

२) दुसरा व तिसरा आठवडा : चालणे हळूहळू अर्ध्या तासापर्यंत वाढवावे. हिशेब, देखरेख, बांधावरून फेरफटका चालेल. गुंगी आणणारी वेदनाशामक औषधे चालू असेपर्यंत कोणतेही वाहन चालवू नये. पोटात न दुखता एकदम ब्रेक दाबता येऊ लागल्यावर, डॉक्टरांना विचारून दुचाकी घ्यावी.

३) सहा आठवड्यांपर्यंत : पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, ओढू नये, ढकलू नये. आपल्या रोजच्या वस्तूंची वजने पाहा :
• १६ लिटरचा भरलेला पाठीवरचा पंप : वीस किलोच्या आसपास
• पाण्याने भरलेली १५ लिटरची बादली : पंधरा किलोहून अधिक
• टोमॅटोचा भरलेला क्रेट : साधारण वीस किलो
• युरियाची गोणी : ४५ किलो (२०१८ पूर्वी ५० किलो)
• दुधाचा ४० लिटरचा भरलेला कॅन : चाळीस किलोहून अधिक

म्हणजे यांपैकी एकही वस्तू चालत नाही. विळा, खुरपे, दोन लिटरची बाटली एवढेच आपल्या वाट्याचे. जनावराचे दावेही धरू नये. गाय बुजून ओढ घेते तेव्हा पोटावर येणारा ताण मोजता येत नाही. उकिडवे बसून निंदणी, धार काढणे हेही पुढे ढकलावे.

४) सहा आठवड्यांनंतर : डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावरच जड कामास लागावे, तेही पायरीने. पंप घ्यायचा तर आधी निम्मा भरावा. खडबडीत रानात ट्रॅक्टरचे हादरे पोटाला बसतात, म्हणून प्रथम थोडाच वेळ चालवावा. शस्त्रक्रिया पोट उघडून केली असल्यास हा काळ बराच वाढतो.

जखमा पूर्ण कोरड्या होईपर्यंत विहिरीत वा कालव्यात उतरू नये. शेण, माती व कीटकनाशक यांचा जखमेशी संपर्क येऊ देऊ नये.

तारीख ठरवताना हंगाम पाहावा. मे महिन्याच्या मध्यास शस्त्रक्रिया केली तर खरिपाची पेरणी नेमकी सहा आठवड्यांच्या आत येते आणि माणूस राहवत नाही म्हणून उठतो. पुढचे दोन महिने कामाची निकड नसेल अशी वेळ निवडावी किंवा सावडीने, मजुरीने कामाची सोय आधीच लावावी.

आहार : आधी पातळ, मग मऊ, मग नेहमीचा

रोपांची पुनर्लागण झाल्यावर आपण आंबवणी-चिंबवणीचे हलके पाणी देतो, लगेच पाट भरून सोडत नाही. येथेही तसेच आहे.

• पहिले एक-दोन दिवस : पाणी, गाळलेले वरणाचे पाणी, घोट-घोट.
• दुसऱ्या आठवड्याअखेरपर्यंत : दूध, ताक, मुगाचे गाळलेले कढण, पातळ पेज, साखरेविना.
• तिसरा-चौथा आठवडा : घोटलेले वरण, दही, नाचणीची मऊ आंबील, कुस्करलेले पनीर.
• पाचवा-सहावा आठवडा : मऊ खिचडी, उकडलेले अंडे, शिजवून कुस्करलेली भाजी, मऊ मासे.
• त्यानंतर : घरचे नेहमीचे जेवण, परंतु थोडे. भाकरी सुरुवातीला आमटीत चुरून, मऊ करून खावी.

दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात, अन्यथा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. हिशेब करून पाहा : दोन पेले दूध १३, दोन अंडी १२, पन्नास ग्रॅम मूगडाळ १२, पन्नास ग्रॅम पनीर ९ आणि वाटीभर दही ६. बेरीज जेमतेम पन्नाशी गाठते आणि एवढे खाणेही सुरुवातीला जमत नाही. म्हणून डॉक्टर प्रथिनांची पूड देतात. ती टाळू नये. पुढे सोयाबीनचे पीठ उपयोगी पडते. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. मात्र ते कच्चे वापरू नये. त्यातील पचनरोधक घटक उष्णतेनेच निष्प्रभ होतात.

खाण्याच्या सवयी

१) घास लहान घ्यावा, वीस-तीस वेळा चावावा. जेवणास वीस ते तीस मिनिटे द्यावीत.
२) प्रथम डाळ, अंडे, पनीर, मग भाजी, शेवटी भात-भाकरी.
३) पोट भरल्याची जाणीव होताच थांबावे. पुढचा एक घासही उलटी करवतो.
४) जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावे. एरवी मात्र दिवसभर घोट-घोट करून दीड ते दोन लिटर पाणी पोटात गेलेच पाहिजे.

शेवटचा मुद्दा शेतकऱ्यास फार महत्त्वाचा. उन्हातून येऊन तांब्याभर पाणी घटाघटा पिणे आता शक्य नसते. तहान लागल्यावर भरपाई होत नाही, म्हणून पाण्याची बाटली कमरेलाच हवी. उन्हाची कामे सकाळी उरकावीत. लघवी गडद व कमी होऊ लागली की काम थांबवावे.

साखर, गूळ, उसाचा रस व फसफसणारी शीतपेये टाळावीत. दोन महिन्यांनी अण्णा गुऱ्हाळावर गेले आणि आग्रहाखातर पेलाभर रस प्यायले. अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळ व जुलाब! बायपासनंतर गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो, आतड्यात पाणी ओढले जाते आणि असा त्रास होतो. पंगतीत आग्रह करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

औषधे व पथ्य

• जीवनसत्त्वे व खनिजे (विशेषतः ब-१२, ड, लोह, कॅल्शियम) जन्मभर घ्यावी लागतात. जमीन भरपूर असूनही जस्ताअभावी पीक पिवळे पडते, तशी ही कमतरता उशिरा दिसते. लोह व कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.
• अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. जठराच्या सांध्यावर व्रण होतो.
• तंबाखू, मिश्री, विडी बंद करावी. दारू फार लवकर चढते. ती वर्ज्यच समजावी.
• मधुमेह व रक्तदाबाच्या औषधांचे प्रमाण डॉक्टरांकडून वेळोवेळी बदलून घ्यावे. जुनेच प्रमाण चालू ठेवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.
• भगिनींनी पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी.
• तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. बहुधा ते परत येतात, घाबरू नये.

ताबडतोब दवाखाना गाठावा, जर

ताप व थंडी, वाढत जाणारी पोटदुखी, खांद्यात कळ, विश्रांती घेत असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर, दम लागणे, एका पोटरीला सूज, काळी शौचास किंवा एक दिवसाहून अधिक चालणारी उलटी यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट पाहू नये. आतील शिवण गळत असल्यास तासांचा हिशेब असतो. सततच्या उलट्यांनी ब-१ जीवनसत्त्व संपते आणि मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते.

वजन साधारण वर्ष-दीड वर्ष उतरत राहते. त्यानंतर ते टिकते की परत चढते, हे बरेचसे सवयींवर अवलंबून असते. अण्णांचा मधुमेह आज बिनगोळीचा आहे आणि पंपही ते पुन्हा घेतात. पण एक शस्त्रक्रिया टळली असती, ही रुखरुख घरात राहिलीच.

म्हणून एवढेच सांगणे. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की पंप, बादली, पाटी, क्रेट वजनकाट्यावर ठेवावे, आकडे वहीत लिहावे आणि ती वही डॉक्टरांपुढे धरून विचारावे, "यातले काय, कोणत्या आठवड्यात उचलू?" उत्तर त्याच वहीत लिहून घ्यावे आणि ती वही पंपाशेजारच्या खुंटीला टांगून ठेवावी.