वडशाचा प्रॉम्प्टर

अनुदानावाचून चालणारं नाटक बघून या, असं संपादकांनी सांगितलं आणि मी वडशाची गाडी धरली. वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ही झाडीपट्टी, धानाचा नि तलावांचा मुलूख. दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं पाहत वाढलेल्या माणसांनी इथलं नाटक उभं केलं, एवढा इतिहास पुरे.

दिवाळीनंतर धान हाती आलं की हंगाम लागतो, तो होळीपर्यंत. गावातलं मंडळ वडशाला येऊन नाटक ठरवतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं. नफा गावाचा, तोटाही गावाचाच. नाटकाच्या दिवशी घरोघरी पाहुणे उतरतात, सोयरिकीही जुळतात. रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेच पडतो.

माझी नजर रात्रभर नटांना वाक्यं पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरवर होती. रंगमंचाच्या पुढ्यात, ऑर्गन-तबल्याशेजारी तो बसलेला. मांडीवर हस्तलिखिताची वही, पानं कडांना मऊ पडलेली. नट आज या गावात एक नाटक करतो, उद्या त्या गावात दुसरं. तालमींना सवड कुठली? सगळी भिस्त या माणसावर. एका प्रवेशात आई झालेल्या नटीचा कंठ दाटला, मंडपातल्या बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या. यानं पुढचं वाक्य ओठांवरच अडवलं. रडणं ओसरलं, तेव्हा हळूच सोडलं. इतकं नेमकं दिग्दर्शन मी शहरातल्या नाट्यगृहांतही क्वचितच पाहिलंय.

ही रंगभूमी बदलाला कधी घाबरली नाही. स्त्रीभूमिका पुरुषांकडून स्त्रियांकडे आल्या. पौराणिक कथांच्या जोडीला हुंडा, दारू, शेतकऱ्याची आत्महत्या आली. नाटक आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, ही इथली जुनी जोडी. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. पट थांबले, नाटकं चालूच राहिली. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. 2023 मध्ये इथले ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला हा मुलूख आठवला.

काळजी आहे ती वेगळीच. आता ‘डान्स हंगामा’ या नाचाच्या कार्यक्रमांनाही गर्दी होते. तोट्याला भ्यालेलं मंडळ नाटकातही नाच वाढवून मागतं. नाच वाढला की प्रवेश कापले जातात, आणि कात्री आधी लागते ती सावकाश फुलणाऱ्या प्रवेशांना. मंडळांना दोष देववत नाही. पदरचे पैसे त्यांचेच जातात. पण असे प्रवेश गेले, तर वाक्य अडवून धरणारा प्रॉम्प्टर तरी कशाला लागेल?

त्याच्या वहीत समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या: इथे थांब, इथे गाणं वाढव. छापील संहितेत हे कुठेच सापडणार नाही. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठानं या वह्यांच्या प्रती काढून घ्याव्यात, प्रॉम्प्टरना शेजारी बसवून त्या खुणा वाचून घ्याव्यात. आणि तुम्ही दिवाळीनंतर वडशाला या. तिकीट काढूनच बसा.