सराईत बोटं, कोवळी नजर

‘मोबाइलमधलं मुलांनाच जास्त कळतं,’ असं पालकसभेत हमखास ऐकू येतं. या समजुतीला प्रतिष्ठा मिळाली ती २००१मध्ये. अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी संगणकाबरोबर वाढलेल्या मुलांना ‘डिजिटल नेटिव्ह’ म्हटलं आणि शिक्षकांना त्या मुलखात उशिरा आलेले परके ठरवलं. शिक्षक उगाच बिचकले. पुढे २०१७मध्ये किर्शनर आणि डी ब्रायकेर या अभ्यासकांनी उपलब्ध संशोधन तपासून ही समजूत खोडून काढली. अमुक साली जन्मल्यामुळे माहिती पारखण्याची वेगळी शक्ती कुणाला येत नाही.

यंत्र चालवणं मुलं आपसात शिकतात, हे खरंच. संशोधक सुगता मित्रांनी १९९९मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवला, तेव्हा वस्तीतल्या मुलांनी तो मोठ्यांविना हाताळला. पण पडद्यावरचं खरं की खोटं, हे भिंत शिकवत नाही.

सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना केलेला प्रयोग मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. त्यांनी बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळं समोर ठेवली. एक संघटना जुनी, हजारो डॉक्टरांची. दुसरी तिच्यातून फुटलेली, चिमूटभर लोकांची. नावं जवळपास सारखी. हुशार विद्यार्थी, इतकंच काय, इतिहासाचे प्राध्यापकही त्याच पानावर खाली-वर करत बसले. बोधचिन्ह, मांडणी, संदर्भांची यादी पाहून कित्येक जण फसले. वृत्तपत्रांसाठी तथ्यं तपासणाऱ्यांनी मात्र मजकूर वाचायच्या आधीच नवा टॅब उघडला, संघटनेचं नाव टाकलं आणि इतर तिच्याबद्दल काय म्हणतात ते पाहिलं. काही मिनिटांत उलगडा झाला. ही सवय आहे, आणि सवय वर्गात लावता येते.

यंत्राआधी शिक्षक लागतो, हे आपल्याकडेही दिसतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवलेल्या रणजितसिंह डिसले यांचं नाव पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे घेतलं जातं. २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. माझ्या मते त्यांचं मोठं काम त्याआधीचं. मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून ते स्वतः कन्नड शिकले. कोड नंतर आले.

२०२४च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणी अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमं पाहिली होती, अभ्यासासाठी फोन घेणारे ५७ टक्के. वापरणाऱ्यांत स्वतःचा फोन ३६ टक्के मुलग्यांकडे, मुलींपैकी २७ टक्क्यांकडे. समाजमाध्यमांवरच्या मुलामुलींपैकी आपलं प्रोफाइल खासगी कसं ठेवायचं, हे जेमतेम ५५ टक्क्यांना ठाऊक होतं.

ज्या मुलीच्या हाती फोन येतो तो दादाचं झाल्यावर, तिला नवा टॅब उघडून खातरजमा करायची सवय लागणार कुठे? शाळेतच. त्यासाठी तीस टॅबलेट लागत नाहीत. बाईंचा एक फोन, गावात फिरलेला एखादा मेसेज आणि आठवड्याला एक तासिका पुरते. ती तासिका वेळापत्रकात हक्कानं असली पाहिजे, गणिताच्या बाई रजेवर असतील त्या दिवसापुरती नव्हे.