एकच वलय, अनेक औषधे

राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारीला, शाळा आणि अंगणवाड्यांमधून मुलांना चघळायला दिली जाणारी गोळी अल्बेंडाझोलची असते. त्याच मुलांचे वडील सकाळी उपाशीपोटी पित्तासाठी घेतात ती गोळी बहुधा पॅन्टोप्राझोलची किंवा ओमेप्राझोलची, आणि आजोबांच्या रक्तदाबाची अनेकदा टेल्मिसार्टनची. या तिन्ही गोळ्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. मात्र तिन्हींच्या रेणूंच्या गाभ्यात एकच रचना आहे. तिचे नाव बेन्झिमिडाझोल.

बेंझिनचे सहा अणूंचे वलय आणि दोन नायट्रोजन असलेले इमिडाझोलचे पाच अणूंचे वलय एकमेकांना चिकटले की ही रचना तयार होते. या कुळातील पहिले संयुग १८७२ मध्ये तयार झाले. पण औषध म्हणून त्याकडे पाहिले जाण्यास बराच काळ लोटला. आनुवंशिक द्रव्यातील प्युरीन घटकांशी बेन्झिमिडाझोलचे साम्य असल्याने ते सजीवांच्या कार्यात हस्तक्षेप करू शकते, हे वूली या अमेरिकी संशोधकाने १९४४ मध्ये दाखवले. पुढे ब-१२ जीवनसत्त्वाच्या रेणूतही कोबाल्ट धातूला धरून असलेले बेन्झिमिडाझोल आढळले. निसर्गाने ही रचना माणसाच्या आधीच वापरात आणली होती.

जंतांवर हे औषध कसे चालते? पेशीचा आतील सांगाडा ट्युब्युलिन या प्रथिनाचा असतो. अल्बेंडाझोल जंतांच्या ट्युब्युलिनला चिकटते आणि सांगाडा उभा राहू देत नाही. त्यामुळे जंताला ग्लुकोज शोषता येत नाही व तो उपासमारीने मरतो. पिकांवरील कार्बेंडाझिम हे बुरशीनाशकही याच तत्त्वावर काम करते. मात्र या प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदलले तरी औषध निष्प्रभ ठरू शकते. मेंढ्यांच्या जठरातील जंतांमध्ये असे प्रतिकारक वाण जगाच्या अनेक भागांत पसरले आहेत.

पित्ताच्या गोळीची कथा याहून रंजक आहे. स्वीडनमध्ये विकसित झालेले ओमेप्राझोल १९८८ मध्ये बाजारात आले. गोळीतील द्रव्य मुळात निष्क्रिय असते. ते रक्तावाटे जठरातील आम्ल स्रवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते आणि तेथील तीव्र आम्लात अडकून पडते. त्याच आम्लामुळे त्याचे रूप बदलते आणि ते आम्ल बाहेर टाकणाऱ्या पंपाला कायमचे जखडते. शरीर नवा पंप तयार करीपर्यंत तो बंदच राहतो. म्हणूनच रक्तातून औषध काही तासांत नाहीसे झाले तरी परिणाम दिवसभर टिकतो. जेवणाने पंप जागे होतात, त्यामुळे गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. तिच्यावर आतड्यात विरघळणारे आवरण असते, कारण जठरातच विरघळली तर आम्ल तिचा आधीच नाश करील. गोळी चावू वा फोडू नये, ती याचसाठी.

ऑक्सिडीकरणाचा संबंध येथेच येतो. ओमेप्राझोल तयार करण्याच्या अखेरच्या टप्प्यात रेणूतील गंधकाला ऑक्सिजनचा एक अणू जोडला जातो. तो दोन बाजूंनी जोडला जाऊ शकतो, म्हणून डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपे समप्रमाणात तयार होतात. टायटॅनियम आणि चिंचेला आंबटपणा देणाऱ्या टार्टारिक आम्लाच्या कुळातील संयुग यांचा उत्प्रेरक वापरला, तर प्रामुख्याने एकच रूप मिळते. तेच इसोमेप्राझोल.

उलटपक्षी, बेन्झिमिडाझोल स्वतःही उत्प्रेरकाचा भाग होऊ शकते. त्यातील नायट्रोजन लोह, तांबे, मँगनीज यांसारख्या धातूंना घट्ट धरतो. शरीरातील विकरांमध्ये हिस्टिडीन नेमके हेच करते. त्यामुळे विकरांची नक्कल करून अल्कोहोल वा गंधकयुक्त संयुगांचे ऑक्सिडीकरण घडवण्यासाठी संशोधक असे धातुसंयुग बनवत आहेत. क्रोमियमच्या विषारी क्षारांऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता आले, तर मागे उरते ते पाणी. हे काम अद्याप मुख्यत्वे प्रयोगशाळांपुरतेच आहे.

वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुन्हा पित्ताच्या गोळीपाशीच येते. अन्नातील ब-१२ प्रथिनांपासून सुटे होण्यास जठरातील आम्ल लागते. वर्षानुवर्षे आम्ल दाबून ठेवले, तर ब-१२ कमी शोषले जाते. शाकाहारी आहारात हे जीवनसत्त्व मुळातच थोडे, प्रामुख्याने दूध-दह्यातूनच मिळते. हातापायांना मुंग्या येणे, सततचा थकवा, विसराळूपणा ही त्याच्या कमतरतेची लक्षणे वयाच्या माथी मारली जातात. डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी दुकानदाराकडून परस्पर घेऊन वर्षानुवर्षे चालू ठेवणारे बरेच आहेत. अशांनी रक्तातील ब-१२ तपासून घ्यावे आणि गोळीची गरज उरली आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम बंद केल्यास आम्ल काही काळ उसळून वाढते, म्हणून ती परस्पर थांबवूही नये.