पदवीदान की पाठवणी?

सुगी सरून खळे रिकामे झाले म्हणजे कास्तकार वर्षाचा हिशेब मांडतो. नांदेड-लातूरकडील पुष्कळ घरांत अलीकडे आणखी एक हिशेब मांडला जातो. तो मुलाच्या पदवीचा. त्या पदवीच्या समारंभाविषयी चार शब्द वाचक बंधूंपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे.

पूर्वी या भागातील मुलास पदवीसाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठ 1918 साली स्थापन झाले; शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी मुलास ही दुहेरी चढण होती. संस्थान 1948 साली भारतात विलीन झाल्यावर 1950 साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. पुढे 1958 साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले, 1961 साली लातुरास दयानंद महाविद्यालय, 1970 साली राजर्षी शाहू महाविद्यालय. आणि 1994 साली स्वामींच्याच नावाचे विद्यापीठ नांदेडास उभे राहिले. पदवी अशी कोसाकोसाने आमच्या बांधाजवळ आली.

विद्यापीठाच्या समारंभात अधिकारी व अधिष्ठाते मिरवणुकीने मंडपात येतात. प्रत्येक शाखेचे स्नातक कुलपतींपुढे सादर केले जातात व पदवी बहाल झाल्याचे जाहीर होते. अंगात घालावयाचा पायघोळ झगा युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांतून आला. तिकडील थंड दालनांत त्याची ऊब हवीशी वाटे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली हातमागाच्या कापडाचा पोशाख सुचविला. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तर राष्ट्रध्वजाची खादी तयार करते. सबब आमच्या भागास हे अवघड नसावे.

परंतु आम्हास झग्याहून मोठी गोष्ट सांगावयाची आहे. आपल्याकडील जुन्या रीतीत विद्या पुरी झाली म्हणजे शिष्य विधिपूर्वक स्नान करी, म्हणून तो स्नातक. नवी वस्त्रे नेसून, गुरूस दक्षिणा देऊन, त्यांच्या आज्ञेने तो घरी येई. या संस्काराचे नाव समावर्तन. म्हणजे परत येणे.

काही वर्षांपूर्वी आम्ही शेजारच्या मुलासमवेत एका महाविद्यालयाच्या अशा समारंभास गेलो होतो. त्याचे वडील धोतर सावरीत अगदी मागच्या रांगेत बसले होते. इंग्रजी भाषणे झाली, टाळ्या झाल्या. शेवटी ते हळूच आम्हास म्हणाले, "अण्णा, कागद तर भेटला, पण पोरगं आता घरी कधी येतंय?" आम्हापाशी उत्तर नव्हते. महसूल खात्यात कारकुनी करताना आम्ही सात-बाराच्या इतर हक्कांत कर्जाचे बोजे नोंदविले आहेत. मुलाच्या फीपायी जमीन गहाण पडल्याची हकीकत कितीदा तरी ऐकली. पण पदवी घेऊन परतलेल्या मुलाने तो बोजा उतरविल्याची नोंद क्वचितच केली.

शिकलेल्याने नांगरच धरावा, असा आमचा आग्रह नाही. विद्या निराळ्या वाटेनेही परतते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून निघालेले नांदेड-44 हे संकरित वाण बीटी वाणे येईपर्यंत कितीतरी शेतांत डोलत होते. तेथील पदवीधरांची पदवी कास्तकाराच्या घरी परतली, असेच आम्ही म्हणू.

म्हणून बंधूंनो, मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन आली म्हणजे फलक व जेवणावळींचा खर्च आवरून तो पैसा आधी बोज्याकडे वळवावा. दुसऱ्या दिवशी तिला बांधावर न्यावे, गट नंबर दाखवावा, सात-बारा वाचावयास द्यावा. माती परीक्षणाचा अहवाल, पीक विम्याचा अर्ज, सोसायटीचा हिशेब यांतले काही गावाला समजावून देण्याचे वचन तिच्याकडून घ्यावे. महाविद्यालयांनीही आईबापांस पुढच्या रांगेत बसवावे व चार वाक्ये मराठीत बोलावी.

पदवीदान ही लेकराची पाठवणी न होता समावर्तन झाले, तरच आमच्या मातीने भरलेली फी वसूल झाली म्हणावयाची.